आत्याबाई आणि दोन एल्डर

शिकवण्या घेणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक खडूची भुकटी आणि दुसरे किस्से! भुकटी पदर झटकला की जाते. किस्से मात्र जात नाहीत. लग्नात, बारशाला, एसटी स्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं की "बाई, ते तुमच्या गोऱ्यांचं सांगा ना" म्हणून सुरुवात होते आणि मी सांगत सुटते. आता तर मी सांगताना आमचे हेच मधे मधे मला दुरुस्त करायला लागलेत. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. मी मास्तरणीचा कोर्स करून सोलापुरात घरी बसलेली. हे मिलमध्ये टाइमकीपर. एक दिवस यांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मॉर्मन म्हणून एक ख्रिस्ती पंथ आहे. त्यांची दोन अमेरिकन मुलं तुमच्याच गल्लीत खोली घेऊन राहणार आहेत. वहिनी मराठी शिकवतील का?"

त्यांच्यात म्हणे मुलगा एकोणीस वर्षांचा झाला की दोन वर्षं घरदार सोडून धर्माच्या कामाला जातो. जिथे पाठवतील तिथे. पण आधी ट्रेनिंग, आणि ट्रेनिंगमध्ये मुख्य म्हणजे भाषा. चार महिन्यांनी सिंगापूरहून त्यांचे मोठे साहेब येणार आणि तोंडी परीक्षा घेणार. पास झाला तर राहायचं. नापास झाला तर सरळ घरी!

दोघांपैकी ब्रॅडलीची मला काळजी नव्हती. तो लाल केसांचा, बडबड्या. आठ दिवसांत भाजीवालीशी घासाघीस करायला लागला. काळजी होती ती हॅन्सनची. सहा फूट चार इंच उंच, पिवळ्या केसांचा, मेंढरं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. वाचायचा बरोबर, लिहायचा तर माझ्यापेक्षा सुरेख. पण "बोल" म्हटलं की कानापर्यंत लाल व्हायचा आणि गप्प!

पहिल्याच आठवड्यात त्याने डिक्शनरीतल्या एकेका शब्दावर बोट ठेवत मला सांगितलं होतं. निरोप द्यायला त्याचं सगळं गाव आलं होतं. मधेच परत येणाऱ्या मुलाला गावात कुणी काही विचारत नाही. नुसते बघतात.

* * *

शिकवणी आमच्या बाहेरच्या खोलीत भरायची ठरली. पण आमचे हे बेचैन! तरणीताठी बायको, दोन तरणे गोरे, आणि आपण दिवसभर मिलमध्ये. त्यांना सांगायचं कसं? शेवटी यांनी ठरवलं, की आत्याबाईंना खोलीत बसवायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या लगेच तयार झाल्या. शेंगांचं सूप घेऊन दाराजवळ बसायचं आणि फोडत राहायचं. शेंगा फोडायला कुणाची हरकत असणार?

पहिल्या दिवशी दोघे आले. पांढरे शर्ट, टाय, चकाकणारे बूट. यांनी घसा खाकरला, "त्याचं असं आहे..." म्हणून सुरुवात केली. तेवढ्यात ब्रॅडलीने खिशातून एक छोटं पुस्तक काढलं आणि इंग्रजीत म्हणाला, "सर, माफ करा. आधी आमची एक अट आहे. आम्हाला बाईंच्या बरोबर एकटं बसायला सक्त मनाई आहे. खोलीत कुणीतरी मोठं माणूस सतत पाहिजे!"

यांचा जीव भांड्यात पडला. हसत हसत यांनी ते आत्याबाईंना मराठीत सांगितलं.

आत्याबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. ज्या कामासाठी त्या सूप घेऊन बसल्या होत्या, ते काम समोरून कुणी मागितल्यावर त्या जाम भडकल्या.

"म्हंजी? आमच्या सुनंवर इस्वास न्हाय व्हय त्यास्नी?"

* * *

हे दोघे एकमेकांना नावाने हाक मारायचे नाहीत. हा त्याला "एल्डर", तो ह्याला "एल्डर". गल्लीत दोन दिवस सगळ्यांची समजूत, की दोघांचं नाव एकच आहे. समोरची नरसम्मा, तिच्या घरी चार हातमाग होते, ती मला विचारायला आली, "बाई, जुळी हाईत काय? पर एक लाल आनि एक पिवळा कसा?"

मी समजावून सांगितलं, की एल्डर ही पदवी आहे. एल्डर म्हणजे वडीलधारा, मान द्यायचा माणूस.

आत्याबाई तिथेच होत्या. त्यांनी हॅन्सनकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. तो बिचारा शाईने भरलेली बोटं रुमालाला पुसत होता.

"ह्यो वडीलधारा? मिशी फुटंना की अजून!"

पण त्या दिवसापासून दोघे दारात आले की त्या डोक्यावरचा पदर नीट करायला लागल्या. मान तो मान!

* * *

सोलापुरात चहाशिवाय पान हलत नाही. भांडणसुद्धा चहा घेऊन मिटतं, आणि कधी कधी चहा घेतानाच सुरू होतं. आणि ह्या दोघांना चहा वर्ज्य! कॉफी वर्ज्य, तंबाखू वर्ज्य, दारूचं तर नावच नको. मला वाटलं, मुलं चांगल्या वळणाची आहेत. काय होणार होतं ते मला कळायला पाहिजे होतं.

बोलण्याच्या सरावासाठी मी त्यांना पहिल्यांदा नेलं ते नरसम्माकडे. तिने माग थांबवला, कपाटातल्या फुलाफुलांच्या बशा काढल्या, रेशनची साखर मोकळ्या हाताने घालून चहा केला.

ब्रॅडलीने पाठ केलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं, "आम्ही आपला चहा घेऊ शकत नाही!"

नरसम्मा पांढरी पडली. तिने ट्रे खाली ठेवला आणि हळूच मला विचारलं, "आमच्या हातचं चालत न्हाय व्हय बाई त्यास्नी?"

गल्लीतली दहा डोकी दारात उभी. ब्रॅडली वाक्य पुन्हा म्हणायच्या बेतात. तेवढ्यात हॅन्सन उठला. त्याला शब्द कळले नव्हते, चेहरा कळला होता. कोपऱ्यातल्या माठाशी जाऊन त्याने नरसम्माकडे बोट दाखवून पेला मागितला. तिने भरून दिला. तो घटाघटा प्यायला. पुन्हा पेला पुढे केला. पुन्हा प्यायला. असे पाच पेले! शेवटच्या पेल्यानंतर छातीवर हात ठेवून तो तिच्याकडे बघून हसला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नरसम्मा मात्र माठात डोकावून बघत होती. दुष्काळाचं साल, नळाला दोन दिवसांआड पाणी!

"बाई," ती म्हणाली, "फुडल्या खेपंला च्याच पाजू. च्या परवडतो!"

* * *

त्या पाच पेल्यांनी व्हायचं ते झालंच. त्यांना पाणी उकळून प्यायची सूचना होती. हॅन्सनचं पोट चार दिवस बिघडलं.

आता आणखी एक नियम सांगते. ह्या दोघांनी एकमेकांना नजरेआड करायचं नाही. बाजारात बरोबर, न्हाव्याकडे बरोबर, पोस्टात बरोबर. आमच्या गल्लीत संडास सार्वजनिक, पत्र्याच्या दारांची रांग. हॅन्सन आत गेला की ब्रॅडली बाहेर उभा! पांढरा शर्ट, टाय, हातात वही. वेळ फुकट जाऊ नये म्हणून तो तिथे मराठी शब्द लिहून पाठ करायचा. टमरेल घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं शरमेने अर्धमेली. एक दोघं तर परत घरी गेली.

एकाने धीर करून विचारलं, "काय लिहिताय साहेब?"

ब्रॅडलीने सांगितलं, "मी इथले सर्व काही लिहून घेतो. माझे साहेब येणार आहेत. परीक्षा आहे."

ही बातमी साफसफाईच्या मुकादमाच्या कानावर गेली. टायवाला गोरा अधिकारी रोज सकाळी संडासापाशी उभा राहून सगळं लिहून घेतो, आणि वरचे साहेब येणार आहेत! दुसऱ्या दिवशी माणसं आली. तिसऱ्या दिवशी फिनेल आलं. चौथ्या दिवशी चुना लागला, दारांना नव्या कड्या बसल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्या गल्लीत असलं काही पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी हॅन्सनचं पोट बरं झालं आणि ब्रॅडलीची दिवसभराची ड्यूटी संपली. पुढच्याच आठवड्यात मुकादम दिसेनासा झाला. नरसम्माचा नवरा माझ्याकडे आला. शब्द न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला.

"बाई, त्या उंच साहेबास्नी सांगा, म्हैन्यातनं एकदा तरी पोट बिघडवून घ्या म्हनावं!"

* * *

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असायचा. अन्न नाही, पाणी नाही. आत्याबाईंना हे कळल्यावर त्यांच्या मनात दोघांविषयी एकदम आदर निर्माण झाला. गोरी माणसं आणि निर्जळी! त्यांनी ठरवलं, की आपल्या एकादशीला ह्यांना बोलवायचं. उपास करणाऱ्याने उपास करणाऱ्याचा मान ठेवायला पाहिजे.

मी निरोप दिला, "आज आमच्याकडे उपास आहे. या."

दोघे गंभीर चेहऱ्याने आले, पाटावर बसले आणि डोळे मिटून प्रार्थना करायला लागले. डोळे उघडले तेव्हा समोर ताट! साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचे गोड काप, दही, वर केळं.

हॅन्सनने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिशातून डिक्शनरी काढली. 'उपवास' शब्द शोधला. पुन्हा ताटाकडे पाहिलं. आत्याबाई आग्रह करत होत्या, "खा रं बाबा, उपासाचं हाय. चालतंय!"

त्याने तीन वेळा खिचडी घेतली. त्या आठवड्यात त्याने आईला पत्र लिहिलं, आणि ब्रॅडलीने त्यातलं एक वाक्य वाचून डोक्याला हात लावला. ते वाक्य त्याने मला भाषांतर करून दाखवलं.

"आई, इथल्या लोकांच्या धर्मात उपासाला रोजच्यापेक्षा जास्त जेवतात. मला ह्या धर्माची अधिक माहिती काढावीशी वाटते."

* * *

ब्रॅडलीचं मराठी आता एवढं सुधारलं होतं, की मला त्याची भीती वाटायला लागली होती. एका लग्नात यांनी वऱ्हाडाला निरोप देताना म्हटलेलं वाक्य त्याला फार आवडलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं, पाठ केलं आणि वापरायला कारण शोधत बसला.

आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या पेन्शनर अण्णांची बायको गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. दोघे बरोबर आले. मी वाटेत बजावलं होतं, की अशा घरी फार बोलायचं नाही. उठताना "येतो" म्हणायचं नाही. गुपचूप उठायचं आणि निघायचं.

ब्रॅडलीने एवढंच ऐकलं, की "येतो" म्हणायचं नाही. म्हणजे दुसरं काहीतरी म्हणायला पाहिजे!

अर्धा तास बसलो. मी हळूच उठले. ब्रॅडली उठला, अण्णांसमोर हात जोडले आणि भरल्या घरात स्पष्ट आवाजात म्हणाला, "फार आनंद झाला. आपल्या घरी असे प्रसंग वारंवार येवोत!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांची लेक तोंडात पदर कोंबून आत पळाली. ती रडत होती की हसत होती, हे मी आजतागायत तिला विचारलेलं नाही.

मी हॅन्सनला शोधायला लागले, तर तो उठलेलाच नव्हता. तो अण्णांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून खाली बसला होता आणि त्यांचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला होता. अण्णांनी ब्रॅडलीकडे वर मान करून पाहिलं.

"तुमी जावा," म्हणाले. "ह्येला बसू द्या हितंच. ह्येला बरं बोलता येतं!"

* * *

तिसरा महिना संपत आला आणि माझी झोप उडाली. हॅन्सनच्या तोंडून दोन शब्दांपुढे गाडी जात नव्हती. "माझे नाव..." झालं की संपलं! मी रागावून पाहिलं, गोडीने पाहिलं, श्रीखंडाच्या गोळ्यासुद्धा देऊन पाहिल्या. तो गोळ्या खायचा आणि गप्प बसायचा.

आत्याबाई हे सगळं शेंगा फोडत बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "ह्येच्या जिभंला जडपना हाय. आयनं न्हानपनी वेखंड चाटवलं नसंल!"

तान्ह्या मुलाची जीभ वळावी म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवतात, ते मला माहीत होतं. पण हे तान्हं सहा फूट चार इंचांचं! आत्याबाईंनी सहाण काढली, वेखंड उगाळलं, बोटावर घेतलं आणि त्याला "आ कर" म्हणाल्या. ब्रॅडली घाबरून नियमांचं पुस्तक चाळायला लागला. त्यात चहा होता, कॉफी होती, तंबाखू होती. वेखंड नव्हतं!

तान्ह्या मुलाला देतात ते अगदी एवढंसं असतं. आत्याबाईंनी उंचीच्या हिशेबाने उगाळलं होतं. त्याची हनुवटी धरून त्यांनी सगळं जिभेवर चोळलं. हॅन्सनचे डोळे विस्फारले. मग त्यांतून पाणी यायला लागलं.

तासाभराने ब्रॅडलीने त्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं. हॅन्सनने तोंड उघडलं, जीभ हलवायचा प्रयत्न केला, आणि हताश होऊन मिटलं.

ब्रॅडली माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आता याचे इंग्रजीसुद्धा गेले!"

* * *

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. मी आणि हे कुंभारीला नातेवाइकांकडे जाऊन टांग्याने परत येत होतो. त्या साली धनगर चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन कुठून कुठून यायचे. रस्त्याकडेच्या माळावर असाच एक कळप बसला होता, आणि कळपाच्या मधे टाय! मी टांगा थांबवायला लावला.

हॅन्सन बाह्या दुमडून, एक मेंढी गुडघ्यांत धरून तिची लोकर कातरत होता. टाय खांद्यावरून पाठीवर टाकलेला. कात्री अशी चालत होती, की म्हातारा धनगर स्वतःचं काम सोडून बघत उभा होता. ब्रॅडली लांब एका दगडावर रुमालाने नाक दाबून बसला होता. सोमवार, त्यांच्या सुट्टीचा दिवस. सुट्टीत फिरायला म्हणून निघाले होते म्हणे!

धनगर मला म्हणाला, "तुमचा हाय का ह्यो पोरगा? लई गुनाचा हाय. सक्काळधरनं धा मेंढरं कातरली. एकालाबी कात्री लागू दिली न्हाय कुटं. देवानं मुका केला त्येवढं वाईट केलं बगा!"

मी काही बोलायच्या आत हॅन्सनने वर पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याने मेंढीला हळूच सोडून दिलं, कात्री पुसून धनगराला परत दिली आणि टाय पुढे घेऊन नीट केला.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर वही ठेवली. सुरेख अक्षरात एकच ओळ, पानभर लिहिलेली. मी मुका नाही. मी मुका नाही. मी मुका नाही.

मला रडू आवरेना. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या तट्कन म्हणाल्या, "मंग बोल की रं लेकरा!"

त्याने वही मिटली. ब्रॅडलीने नंतर मला हळूच सांगितलं, की हॅन्सनने ट्रंक भरायला घेतली आहे.

* * *

परीक्षेचा दिवस. आमच्या बाहेरच्या खोलीत यांनी शेजाऱ्यांच्या तीन खुर्च्या आणून मांडल्या. सिंगापूरहून आलेले मोठे साहेब, पांढऱ्या केसांचे, शांत. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. म्हणून त्यांनी पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापक आणले होते. हे प्राध्यापक इतके शुद्ध बोलायचे, की त्यांच्यासमोर "बसा" म्हणताना मला चूक होईल अशी भीती वाटत होती. तिसऱ्या खुर्चीवर परीक्षार्थी. आत्याबाई सूप घेऊन आपल्या जागेवर.

ब्रॅडली दहा मिनिटं धो धो बोलला. प्राध्यापकांनी दोन चुका काढल्या आणि मान डोलावली. साहेबांनी त्याच्या कागदावर सही केली.

मग हॅन्सन.

"आपण येथे कोणत्या उद्देशाने आलात?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मी..." हॅन्सन म्हणाला.

आम्ही वाट पाहिली. तो लाल झाला. घड्याळाचा काटा पुढे सरकला. प्राध्यापकांनी दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा, मग अगदी सोपा, "आपले नाव काय?" हॅन्सनच्या कपाळावरून घाम निथळत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी पदराचं टोक पिळून पिळून चोळामोळा केलं होतं.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हॅन्सनच्या खांद्यावर हात ठेवला, घरी परत पाठवायचा कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात गल्लीतून ओरडा आला, "पानी आलं! पानी आलंऽऽ!"

ज्यांनी ते साल पाहिलं नाही त्यांना सांगते. सगळ्या गल्लीला नळ एक. पाणी दोन दिवसांआड, केव्हा येईल त्याचा नेम नाही, आणि अर्ध्या तासात गायब. म्हणून भांडी पहाटेपासून रांगेत लावून ठेवायची. माणूस घरी गेला तरी त्याची घागर त्याच्या जागेवर उभी. घागर सरकवायची नाही, हा गल्लीचा कायदा! आत्याबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून गेले दोन महिने त्यांच्या घागरी हॅन्सनच भरत होता. तो आणि आत्याबाई रांगेत तासन् तास उभे असायचे. बोलायच्या अर्थात आत्याबाई.

ओरडा ऐकून आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. हॅन्सन ताडकन उभा राहिला, त्यांना हाताने खाली बसवलं, दुसरी घागर उचलली आणि परीक्षा सोडून बाहेर धावला. त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून ब्रॅडली मागे धावला. ब्रॅडलीच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे प्राध्यापक, सगळ्यांच्या मागे मी.

नळावर गल्लीतला पैलवान उभा होता. ह्या माणसाला सगळी गल्ली टरकून असायची. त्याने आत्याबाईंची घागर पायाने बाजूला ढकलली होती आणि नळाखाली आपलं पिंप लावलं होतं. पंधरा बायका तोंड मिटून उभ्या होत्या.

हॅन्सनने आडवी पडलेली घागर पाहिली. मग पैलवानाकडे पाहिलं. त्याचा एक हात कमरेवर गेला, दुसऱ्या हाताचं बोट वर झालं, आणि त्याने तोंड उघडलं.

"ए! कुनी सरकवली रं ही घागर? तू? डोळं फुटलं व्हय तुजं? म्हातारीची घागर हाय ती! पाटंधरनं नंबर हाय तिचा! गुडगं धरून हुबी ऱ्हाती ती हितं, आनि तू पिंप लावतूस व्हय रं भाड्या? लई माजलास! चल उचल! उचल म्हंतो न्हवं! मुडदा बशिवला तुजा!"

ह्यातला एक शब्द मी शिकवलेला नव्हता! तो हात, ते बोट, तो मानेचा झटका, सगळं आत्याबाईंचं. आणि हे कुठे संपत होतं? पुढचं सगळं त्याने न अडखळता, श्वास न घेता म्हटलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायकांनी कानांवर हात ठेवले. ब्रॅडली वही काढून लिहून घ्यायला लागला.

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साहेबांनी त्यांचा दंड धरला. "हा काय म्हणतोय? मला सांगा!"

प्राध्यापकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस असावा.

"साहेब," ते म्हणाले, "तो... उपदेश करतोय."

"उपदेश? कशावर?"

"दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवू नये, ह्यावर."

साहेब बघायला लागले. पैलवान दोन पावलं मागे सरकला. मग त्याने मुकाट्याने पिंप उचललं, आत्याबाईंची घागर सरळ केली, स्वतःच्या हाताने नळाखाली लावली आणि हॅन्सनसमोर दोन्ही हात जोडले.

"तीस वर्षं मी हे काम करतोय," साहेब म्हणाले. "एका उपदेशाने माणूस इतक्या लगेच बदललेला मी पाहिला नाही."

त्यांनी तिथेच, नळावरच्या कट्ट्यावर हॅन्सनच्या पासाचा कागद ठेवून सही केली. मग पेन खिशाला लावलं, डोळे मिटले, मान खाली घातली आणि म्हणाले, "आमेन!"